नाशिकहून अन्नपूर्णा बेस कॅम्प: गाईड घेऊन, पण बजेटमध्ये

कळसूबाई दोनदा झालं, हरिहर झाला, आता एकदा हिमालयात जायचंय पण खर्च ऐकूनच गप्प बसतो. हे मी गेल्या वर्षभरात ऑफिसात ऐकलं, सोसायटीत ऐकलं, परवा भाजी घेताना पण ऐकलं. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. मी, माझा भाऊ, वहिनी आणि ऑफिसमधली एक मैत्रीण असे चौघं नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला जाऊन आलो, आमच्यापैकी एकानेही आधी हातात बर्फ घेतलेला नव्हता. नाशिकरोड ते नाशिकरोड अठरा दिवस, माणशी चाळीस हजारांच्या आत. सामान वेगळं, त्याचं पुढे सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. पैसे कुठेही वाचवा, पण दिवस कमी करून वाचवू नका आणि गाईड न घेता वाचवू नका. रेल्वे, खाणं, कपडे, खोली, सगळीकडे हात आखडता घेता येतो. या दोन ठिकाणी नाही.

हाच ट्रेक का

एव्हरेस्ट बेस कॅम्पचं नाव मोठं आहे, पण तो ५३६४ मीटरवर आणि बहुतेक जण ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचं विमान धरतात, तिथेच बजेट हलतं. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४१३० मीटर. पोखरा शहरापर्यंत बस जाते, पुढे जीप, विमानाची गरज नाही. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. वाटेत दर दोनतीन तासांवर लॉज आहेत, त्याला तिकडे टी हाऊस म्हणतात, म्हणजे तंबू, स्टोव्ह, राशन असलं काही पाठीवर घ्यायचं नाही. आणि परमिट सार्क देशांच्या लोकांना स्वस्त पडतं, अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचं बाकीच्या परदेशी लोकांना ३००० नेपाळी रुपये, आपल्याला १०००. टिम्स कार्ड म्हणून ट्रेकरच्या नोंदणीचं दुसरं एक असतं, ते आपल्याला १०००, इतरांना २०००. भारतीय १ रुपया म्हणजे नेपाळी १ रुपया ६० पैसे, हा दर बांधलेला आहे, तेव्हा दोन्ही मिळून आपले १२५० रुपये.

ज्यांना सीमा ओलांडायचीच नाहीये त्यांनी यूथ हॉस्टेल्सचे हिमाचलमधले ट्रेक बघावेत, तेही परवडणारे असतात, पण तिथे तंबू आणि ठरलेली बॅच. मला स्वतःच्या गतीने जायचं होतं म्हणून मी नेपाळ धरलं.

आधी दिवस मोजा

बरेच जण सुट्टी मोजतात आणि त्यात ट्रेक कोंबतात. उलटं करा. शरीराला उंचीची सवय व्हायला लागणारे दिवस कोणत्याही पैशाने विकत मिळत नाहीत. आपलं नाशिक साधारण ६०० मीटरवर, तिथून ४१३० म्हणजे हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने ६० टक्क्यांच्या आसपास. डॉक्टर लोक सांगतात तो नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या झोपायच्या जागेपेक्षा उद्याची झोपायची जागा ५०० मीटरहून जास्त उंच नको. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या.

आमचे दहा दिवस असे होते. पोखऱ्याहून जीपने उल्लेरी, साधारण १९६० मीटर, तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी घोरेपानी २८६०. तिसऱ्या दिवशी पहाटे चार-साडेचारला उठून पूनहिल ३२१०, सूर्योदय बघून खाली आणि मग ताडापानी. चौथा छोमरोंग २१७०, म्हणजे बघा, आपण वर जाऊन परत खाली आलो, हे शरीराला फार चांगलं. पाचवा दोभान, सहावा देउराली ३२३०, सातवा मच्छापुच्छ्रे बेस कॅम्प ३७००. आठव्या दिवशी पहाटे निघून अन्नपूर्णा बेस कॅम्प, दीडदोन तास, आणि तिथून उतरून थेट बांबू. नववा झिनू, दहावा पोखरा.

पॅकेजवाले बरेचदा झिनूपर्यंत जीपने नेतात आणि पाचसहा दिवसात सगळं उरकतात, शिवाय देउरालीहून एका दिवसात थेट बेस कॅम्पला झोपायला नेतात, म्हणजे एका उडीत ९०० मीटर. काहींना काहीच होत नाही. काहींची ती रात्र उशाला पिशवी घेऊन उलट्या करण्यात जाते. तुमचं काय होईल हे पहिल्यांदा जाताना माहीतच नसतं, म्हणून मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला मुक्काम ठेवाच, एक दिवस वाढतो, माणशी दोनअडीच हजार वाढतात, एवढंच.

शिवाय एक जास्तीचा दिवस राखीव पण हवा. नाही लागला तर पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी बसा.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल, हे सगळेच सांगतात. पावसाळ्यात जळवा आणि दरडी, भर थंडीत देउरालीच्या पुढच्या अरुंद दरीत बर्फाचे कडे कोसळायची भीती. १७ जानेवारी २०२० ला त्याच पट्ट्यात हिमस्खलन होऊन कोरियन ट्रेकर आणि त्यांचे नेपाळी साथीदार गेले होते. मार्चमध्ये पण वर साचलेला बर्फ असतो, तेव्हा गाईड म्हणाला की सकाळी दहाच्या आत हा पट्टा पार करायचा तर करायचा.

आपल्यासाठी यात अजून एक भानगड आहे. नेपाळच्या सीमेसाठी धरायची ती गोरखपूरची गाडी. दिवाळी आणि छठच्या आधी उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, आणि छठ झाली की येणाऱ्या गाड्यांची तीच गत. शिवाय नेपाळमध्ये आपल्या दसऱ्याच्या वेळी त्यांचं दशैं, सगळ्यात मोठा सण, गाईड-पोर्टर आपापल्या गावी गेलेले असतात, बस भरून वाहत असतात. मी कॅलेंडर घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की मधे एक फट आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकरोडहून निघालो, कोजागिरी पोखऱ्यात झाली, तोवर दशैंची पण पौर्णिमा होऊन माणसं कामावर परतलेली, आणि धनत्रयोदशीच्या सकाळी आम्ही घरी. येतानाची गाडी गर्दीच्या उलट दिशेने असल्यामुळे आरामात मिळाली. फक्त ज्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला येतो तेव्हा पावसाचं शेपूट राहिलेलं असू शकतं, त्या वर्षी मार्च-एप्रिल धरा, तेव्हा घोरेपानीच्या जंगलात लालीगुराँस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. पण मुलांच्या परीक्षा असतात हेही आहेच.

रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला बसा, दुपारी बघू म्हणू नका.

गाईड

१ एप्रिल २०२३ पासून नेपाळ टुरिझम बोर्डाने परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड घ्यायचा नियम केलाय. लोक सांगतात की अमुक चेकपोस्टवर कोणी विचारत नाही, पायवाट सरळ आहे, कशाला पैसे घालवता. पायवाट खरंच सरळ आहे, हरवायचा प्रश्न नाही. गाईड वाट दाखवायला नसतोच, हे मला देउरालीला कळलं.

संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये सगळे शेकोटीसारख्या एका हिटरभोवती बसलेलो. भाऊ मस्त गप्पा मारत होता. दालभात आला, त्याने चारपाच घास खाल्ले आणि ताट थोडं पुढे सरकवलं, म्हणाला दुपारी नूडल्स जास्त झाले. आम्ही तिघींनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आमचे गाईड, आम्ही त्यांना दाई म्हणायचो, दाई म्हणजे तिकडे दादा, ते समोरच्या बाकावरून उठून आले आणि ताटाकडे बघून एवढंच विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय? भाऊ दोन सेकंद गप्प. मग म्हणाला दुपारपासून. आम्हाला सांगितलं नव्हतं कारण आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक जाईल ही भीती. दाईंनी त्याला बोट नाकाला लावून परत त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं, गरम पाणी आणि सूप पाजलं आणि स्पष्ट सांगितलं की सकाळी डोकं उतरलं असेल तर वर, नसेल तर मी तुला घेऊन खाली दोभानला जाणार, या तिघी पोर्टरबरोबर इथेच थांबतील. सकाळी उतरलं होतं. तरी त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा हळू गेलो आणि मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पलाच थांबलो. या माणसाला दिवसाला जे पैसे दिले ते त्या एका वाक्यासाठी दिले असं मी आजही म्हणते.

आता गाईड निवडायचा कसा. नाशिक-पुण्यातून पॅकेज घेतलं तर सोय होते पण मधले पैसे वाढतात. आम्ही पोखऱ्यातल्या तीन एजन्सींना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज टाकला आणि सगळं लेखी मागितलं. विचारायचं ते हे: एजन्सीची सरकारी नोंदणी आहे का, जो माणूस येणार त्याच्या गाईड लायसन्सचा फोटो, त्याचा आणि पोर्टरचा विमा, दिवसाच्या दरात त्यांचं खाणं-राहणं धरलंय का, परमिट कोण काढणार, आणि कोणी आजारी पडून लवकर उतरलं तर पैशाचं काय. ज्याने सहा प्रश्नांची सहा उत्तरं दिली त्याला घेतलं. एका एजन्सीने दर खूपच कमी सांगितला होता, खोदून विचारल्यावर कळलं की येणारा माणूस गाईड नाही, पोर्टरलाच गाईड म्हणून पाठवणार होते. असं असेल तर नाही म्हणा.

बोलून बघा, फोनवर पाच मिनिटं तरी. हिंदी बहुतेकांना छान येतं. इंग्रजीची अडचण नाही हा आपला मोठा फायदा आहे, घरातल्या मोठ्या माणसांना पण नेता येतं.

पोर्टरबद्दल एक मनापासून सांगायचंय. चौघांत आम्ही एक पोर्टर घेतला आणि त्याच्याकडे चौघांचं मिळून २० किलोच्या आत दिलं, बाकी आपापल्या पाठीवर. काही ग्रुप एका माणसावर पस्तीस-चाळीस किलो लादतात कारण पैसे एकाचेच द्यावे लागतात. तो मुलगा नाही म्हणत नाही, कारण सीझन दोनचार महिन्यांचा असतो. असं पैसे वाचवणं नको. निघायच्या आधी त्याच्या पायात बूट आणि अंगात जॅकेट आहे का तेही बघा, नसेल तर एजन्सीला तिथेच सांगा.

पैशाचा हिशोब

आमचा माणशी खर्च, भारतीय रुपयात, साधारण असा झाला. रेल्वे स्लीपरने जाऊन-येऊन दीड हजार. गोरखपूर ते पोखरा बस, परत, आणि सीमेपलीकडच्या मुक्कामांसकट चार हजार. गाईड दिवसाला ३५०० नेपाळी, दहा दिवस, चौघांत वाटून साडेपाच हजार. पोर्टर दिवसाला २५०० नेपाळी, चौघांत चार हजारांच्या थोडं आत. वरच्या दहा दिवसांचं खाणं आणि खोली साडेसतरा हजार, हा सगळ्यात मोठा आकडा. परमिट १२५०, जीप दीड हजार, बक्षिसी दीड हजार, विमा तेराशे, पोखऱ्याच्या रात्री दीड हजार. दर सीझनला दर वाढतात तेव्हा वर दहा टक्के धरूनच चला.

बघा म्हणजे लक्षात येईल, चौघं असलात तर गाईड माणशी फक्त साडेपाच हजार. दोघंच गेलात तर दुप्पट. म्हणून आधी चार माणसं जमवा, तीच सगळ्यात मोठी बचत. सहाच्या वर नको, खोल्या मिळत नाहीत आणि गती जुळत नाही.

खाण्यावर वाचवायचं सोपं आहे, दालभात खा. भात, डाळ, भाजी, लोणचं, पापड आणि परत परत वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पिझ्झा, पास्ता मेन्यूत असतो पण तो एकदाच मिळतो आणि महाग. जसजसं वर जाल तसे दर वाढतात कारण सगळं माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून येतं, तिथे घासाघीस करू नका. खोली स्वस्त देतात पण जेवण त्याच लॉजला घ्यायचं हा तिथला रिवाज आहे, तो पाळा. गरम पाण्याची आंघोळ, मोबाईल चार्जिंग, वायफाय, सगळ्याचे वेगळे पैसे, म्हणून २०००० एमएएचची एक पॉवरबँक दोघांत न्या आणि रात्री ती पांघरुणात घेऊन झोपा, थंडीत बॅटरी पटकन उतरते.

नाशिकहून शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, मेतकूट, खजूर, चिक्की घेऊन गेलो होतो. सहाव्या दिवशी दालभातावर घातलेली ती चटणी. पोर्टरलाही इतकी आवडली की उरलेली बरणी त्यालाच दिली.

रोख पैसे पोखऱ्यातूनच नेपाळी करून घ्या, वर एटीएमच्या भरवशावर राहू नका. आपल्या नोटा नेताना १०० च्या न्या. पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, वर मात्र रोखच.

आणि विमा. आपली नेहमीची मेडिक्लेम परदेशात बहुतेक चालत नाही. ट्रॅव्हल पॉलिसी घेताना ट्रेकिंग ४५०० मीटरपर्यंत कव्हर आहे का आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू धरलंय का हे दोन शब्द पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी नको.

नाशकातली तयारी

तीन महिने द्या. जिमची गरज नाही, आपल्याकडे जे आहे ते पुरेसं आहे, खरं तर देशातल्या फार कमी शहरांना एवढं मिळतं.

आठवड्यातून तीन दिवस पांडवलेणीच्या पायऱ्या. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, दर आठवड्याला एक वाढवत सहापर्यंत. दुसऱ्या महिन्यापासून सॅक पाठीवर, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, सहा किलोपर्यंत. वर गेल्यावर पाणी झाडांना घालून टाका आणि रिकाम्या सॅकने उतरा, गुडघे वाचतात, विशेषतः चाळीशी ओलांडलेल्यांचे.

रविवारी डोंगर. सीबीएसहून त्र्यंबकची एसटी पकडा, अंजनेरी फाट्याला उतरा, डांबरी रस्त्यापासूनच चालत सुरुवात करा, गाडी वरपर्यंत नेऊ नका. दुसऱ्या महिन्यात कळसूबाई. बारीतून माथा १६४६ मीटर, साधारण साडेआठशे मीटरची चढाई, आणि उल्लेरी ते घोरेपानी ९०० मीटर, म्हणजे तो दिवस कसा असेल याचा अंदाज घरबसल्या येतो. कळसूबाई करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना पाय कसे आहेत ते बघा. जिने उतरताना भिंत धरावी लागत असेल तर अजून तयारी हवी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लागोपाठ दोन दिवस. शनिवारी अंजनेरी, रविवारी ब्रह्मगिरी. एक दिवस कोणीही दम काढतं, ट्रेक दहा दिवस रोज आहे. तिसऱ्या महिन्यात असे निदान तीन वीकेंड करा, जमलं तर साल्हेर मुक्कामी. हरिहर मुद्दाम सांगत नाही, त्या कातळपायऱ्यांनी भीती जाते पण पायांना दमाची सवय होत नाही, आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे अर्धा वेळ रांगेत जातो.

चालताना बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. धाप लागून बोलणं तुटलं की वेग जास्त आहे. हीच गती वर कामाला येते.

निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे जाऊन या. बीपी, साखर, हिमोग्लोबिन. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का ते डॉक्टरलाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका.

सामान

बुटांवर पैसे घाला, बाकी मागून आणा. घोट्यापर्यंतचे, एक नंबर मोठे, आणि निदान चार डोंगर त्याच बुटात झालेले. माझ्या मैत्रिणीने निघायच्या आठवड्यात नवीन घेतले, छोमरोंगच्या उताराला दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली, ती पुढे महिनाभराने गळाली. तिथून नदीपर्यंत दोन हजारांवर पायऱ्या उतरायच्या आणि समोर सिनुवाला तेवढंच चढायचं, आणि परत येताना तेच उलटं. नखं कापून जा.

कपडे तीन थर. आतला लवकर वाळणारा, सुती नको, मधे फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये स्वेटर, टोप्या, हातमोजे, थर्मल सगळं वाजवी मिळतं. जाड डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, पोखऱ्यात दिवसाच्या भाड्याने मिळतात. ट्रेकिंग काठ्या दोन, हेडटॉर्च, पॉन्चो, गॉगल, सनस्क्रीन, दोन लिटरची बाटली, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, क्रेप बँडेज. मोजे चार जोड, त्यातला एक फक्त झोपायचा, तो चालताना घालायचाच नाही.

बायकांसाठी: उंचीवर पाळी पुढे-मागे होऊ शकते, तारीख नसली तरी पॅड न्या, कागदी पिशव्या न्या आणि वापरलेलं खाली पोखऱ्यापर्यंत परत आणा. टॉयलेट बहुतेक खोलीबाहेर असतं, रात्री बाहेर जायचं नको म्हणून पाणी कमी पिऊ नका, तीच चूक डोकेदुखी आणते.

एकूण वजन माणशी नऊ किलोच्या आत.

जायचं कसं

नाशिकरोडहून गोरखपूरला काशी एक्स्प्रेस, कुशीनगर, गोदान. तीस तासांच्या आसपास, कधी जास्तच. गोरखपूर स्टेशनबाहेरून सोनौलीच्या बस मिळतात, तीन तास. सीमा पायी ओलांडायची. पलीकडे भैरहवा, तिथे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. पोखऱ्याची बस आठनऊ तास घेते, घाटाचा रस्ता आहे, बस लागणाऱ्यांनी पुढची सीट मागा, आणि शक्यतो दिवसाची बस घ्या, रात्रीची नको.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, मूळ. नुसत्या आधारच्या भरवशावर जाऊ नका. वहिनीचं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं आणि तिकीट सासरच्या नावाचं होतं, ते ऐनवेळी लक्षात आलं आणि धावपळ झाली, तेव्हा नावं आत्ताच जुळवून ठेवा. पासपोर्ट साईज फोटो सहा न्या. पोखऱ्यात सिमकार्ड घ्या, या वाटेवर नेपाळ टेलिकॉमला रेंज बरी.

वाटेवर

सकाळी सातला चालायला लागा, दुपारी दोनतीनला पोचा. दुपारनंतर ढग येतात आणि उशीर झाला तर खोली मिळत नाही, सीझनमध्ये देउरालीच्या पुढे तर लोक डायनिंग हॉलमध्ये झोपतात. गाईडला आदल्या दिवशीच पुढच्या लॉजला फोन करायला सांगा.

छोमरोंगच्या पुढे प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी विकत नाहीत, जागोजागी शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत नाहीतर लॉजवाले उकळून देतात. दिवसाला तीनचार लिटर. तो सगळा भाग स्थानिक गुरुंग लोक पवित्र मानतात, म्हणून वर मांस शिजवत नाहीत, तुम्हीही बरोबर काही नेऊ नका. मच्छापुच्छ्रे, ६९९३ मीटर, त्याच्यावर चढायला परवानगीच नाही, १९५७ मध्ये एक इंग्रज तुकडी माथ्याच्या अगदी जवळ जाऊन थांबली होती. त्या शिखराखाली उभं राहिल्यावर आपल्याकडे ब्रह्मगिरीला लोक अनवाणी फेरी का घालतात ते नव्याने कळतं.

डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नकोसं झालं, झोप लागली नाही तर लगेच बोला. थांबा, वर जाऊ नका. बसल्याजागी धाप लागणं, ओला खोकला, तोल जाणं, बडबडणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी खाली, सकाळची वाट बघायची नाही. निघायच्या आधी चौघांनी एकमेकांना शब्द द्या की कोणी लपवणार नाही आणि कोणा एकासाठी उतरावं लागलं तर कोणी तोंड वाकडं करणार नाही. आम्ही हा शब्द देउरालीनंतर दिला, तो नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवरच द्यायला हवा होता.

बेस कॅम्पला पहाटे पोचलात की फोटोआधी जॅकेटची चेन लावा, घाम आलेला असतो आणि वारा कापतो. समोर अन्नपूर्णा १, ८०९१ मीटर, ३ जून १९५० ला पहिल्यांदा तिच्यावर माणूस चढला, ८००० मीटरच्या वरच्या शिखरांपैकी माणूस चढलेलं जगातलं पहिलं. आधी तिचा माथा पिवळा होतो, मग उजेड हळूहळू खाली सरकतो, तुमच्यापर्यंत यायला बराच वेळ लागतो. तोवर थांबा, चहा घ्या, तो महाग आहे पण घ्या. तासदीड तासाने निघा कारण त्याच दिवशी बांबूपर्यंत उतरायचंय.

शेवटचा मुक्काम झिनूला. नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत, अर्धा तास खाली उतरून जायचं, पाय त्यात सोडून बसलं की दहा दिवसांचे गोळे सुटतात, फक्त परत चढून यायचंय हे धरून वेळेत निघा. बक्षिसी त्या संध्याकाळीच द्या, गाईडला आणि पोर्टरला वेगवेगळ्या पाकिटात, स्वतःच्या हाताने, एकाकडे दोघांचे देऊ नका. जीपचं रात्रीच ठरवून ठेवा, सकाळी लांब झुलता पूल ओलांडून पलीकडे जायला पाऊण तास धरा.